घरच्या टेबलावर इलेक्ट्रॉनिक्स : दोन दिव्यांचा झोका

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लावून घ्यायचा असेल तर सुरुवात कोठून करावी, असे पुष्कळ विद्यार्थी विचारतात. त्यांची अपेक्षा बहुधा अशी असते, की आपण त्यांना एखाद्या पुस्तकाचे किंवा तयार संचाचे नाव सांगावे. तयार संच वाईट असतो असे नाही. पण त्यात तीस-चाळीस मंडले दिलेली असतात आणि मुलगा किंवा मुलगी ती आठवड्याभरात जोडून मोकळी होते. दिवा लागला, भोंगा वाजला, पुढचे पान. चाळिसावे मंडल जोडून झाल्यावर विचारावे, की अमुक ठिकाणी व्होल्टमापी लावला तर काय दाखवील, तर उत्तर येत नाही. म्हणून मी उलट सुचवतो. एकच मंडल घ्या आणि महिनाभर त्याच्याशी झटा. ते जोडा, मोजा, मुद्दाम बिघडवा, पुन्हा दुरुस्त करा. या लेखात आपण तसे एक मंडल निवडणार आहोत. त्यात दोन ट्रान्झिस्टर आहेत आणि दोन लहान दिवे आहेत. एक दिवा लागला की दुसरा विझतो, तो लागला की पहिला विझतो, आणि असे अखंड चालू राहते.

आधी टेबलाविषयी थोडे. खिडकीजवळचे, उजेडाचे कोणतेही टेबल चालेल. त्यावर कडा असलेला लाकडी किंवा प्लॅस्टिकचा ट्रे ठेवावा, म्हणजे बारीक भाग घरंगळून फरशीवर जात नाहीत. (धातूचे ताट घेऊ नका. उघड्या तारा त्याला टेकल्या की घट आपोआप लघुमंडलित होतो.) रिकाम्या काड्यापेट्या एकमेकींना चिकटवून केलेले खण उत्तम काम देतात. हत्यारे थोडीच लागतात : एक अणकुचीदार पक्कड, तारा कापायची कातर, चिमटा आणि साधा अंकदर्शक बहुमापी, म्हणजे मल्टिमीटर. खर्च करायचाच असेल तर या मापीवर करा, कारण बाकी साऱ्या वस्तू मिळून जे शिकवतील त्याहून अधिक हा एकटा शिकवतो. शिवाय एक वही हवी. ती नसली तर टेबलावर केवळ खेळ होतो.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात. तालुक्याच्या गावी टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्त करणाऱ्या दुकानात विचारावे. जुन्या बिघडलेल्या पट्टीवरचे भाग तो कारागीर बहुधा आनंदाने देतो आणि वर दोन युक्तीच्या गोष्टीही सांगतो. आपल्याला लागेल ते असे : बीसी ५४७ बी हे दोन ट्रान्झिस्टर, दोन लाल एल.ई.डी., ४७० ओहमचे दोन रोध, ४७ किलोओहमचे दोन रोध, १० मायक्रोफॅरडची दोन धारित्रे, चार पेन्सिल सेल व ते बसवायची डबी, आणि एक ब्रेडबोर्ड. पुढच्या प्रयोगांसाठी २.२ किलोओहमचे व १० किलोओहमचे प्रत्येकी दोन रोध, ०.०१ मायक्रोफॅरडची दोन बिल्ल्यासारखी धारित्रे आणि ४७० मायक्रोफॅरडची दोन धारित्रेही त्याच खेपेत आणून ठेवावीत.

ब्रेडबोर्ड हे नाव चमत्कारिक वाटते. रेडिओच्या आरंभीच्या काळात हौशी मंडळी स्वयंपाकघरातली पाव कापायची फळी घेऊन तिच्यावर खिळे ठोकीत आणि खिळ्यांना तारा गुंडाळून मंडल जुळवीत. म्हणजे आपल्याकडे हा शोध लागता तर त्याला पोळपाटच म्हटले असते! आजच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंस पाच-पाच भोकांच्या ओळी असतात आणि एका ओळीतली पाचही भोके आतून जोडलेली असतात. कडेच्या लांब ओळी घटाच्या धन व ऋण अग्रांसाठी असतात. यावर विश्वास ठेवू नका, मापीचा ओहमचा गाळा लावून खात्री करून घ्या. काही पट्ट्यांत कडेची लांब ओळ मध्यावर तुटलेली असते, आणि ज्याला हे ठाऊक नसते त्याची संपूर्ण संध्याकाळ त्या एका फटीत जाते.

डाख देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, घाई मी करणार नाही. मंडल पूर्ण समजल्यावर ते कायमचे पक्के करायचे असेल तेव्हा २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न घ्यावे. कथील आणि शिसे यांचा नेहमीचा डाख सुमारे १९० अंश सेल्सिअसला पातळ होतो, आयर्नचे टोक त्याहून पुष्कळच तप्त असते. ते नेहमी स्टँडमध्ये ठेवावे, खिडकी उघडी असावी आणि काम झाल्यावर खाण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत, कारण शिसे विषारी आहे. पहिल्या खेपेस मोठे माणूस शेजारी असलेच पाहिजे. आणि एक गोष्ट अगदी निक्षून : पहिली दोन वर्षे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेशी कसलाही प्रयोग करायचा नाही. जुना टीव्ही उघडायचा नाही, पिन काढून ठेवली असली तरीही नाही. आतली मोठी धारित्रे विद्युत्भार धरून बसलेली असू शकतात. पेन्सिल सेलच्या ६ व्होल्टांवर शिकण्यासारखे इतके आहे, की ते दोन वर्षांत संपत नाही.

आता रोध ओळखू. त्यांवर रंगांचे पट्टे असतात. पिवळा म्हणजे ४, जांभळा म्हणजे ७, आणि तिसरा पट्टा पुढे किती शून्ये द्यायची ते सांगतो. ४७० ओहमवर पिवळा, जांभळा, तपकिरी. ४७ किलोओहमवर पिवळा, जांभळा, नारिंगी. तपकिरी म्हणजे एक शून्य, नारिंगी म्हणजे तीन. रात्रीच्या पिवळट उजेडात तपकिरी आणि नारिंगी एकमेकांच्या जागी सहज खपून जातात, आणि या मंडलात होणारी सर्वांत नेहमीची चूक हीच आहे. म्हणून प्रत्येक रोध बसवण्यापूर्वी मापीवर मोजावा.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले, तर बीसी ५४७ मध्ये डावीकडून अनुक्रमे कलेक्टर, बेस आणि एमिटर येतात. एल.ई.डी.चा लांब पाय धन. नळीसारख्या धारित्रावर ज्या बाजूस पट्टा छापलेला असतो तो पाय ऋण.

जोडणी वहीत स्वतः काढा. मी ती शब्दांत सांगतो आणि आकृती मुद्दाम देत नाही, कारण शब्दांवरून आकृती काढताना मंडल निम्मे समजते. दोन ट्रान्झिस्टरांना क आणि ख म्हणू. दोघांचे एमिटर घटाच्या ऋण अग्राला जोडा. क च्या कलेक्टरपासून निघा : एल.ई.डी.चा आखूड पाय कलेक्टरला, लांब पाय ४७० ओहमला आणि रोधाचे दुसरे टोक धन अग्राला. ख चेही तसेच. आता क चा बेस ४७ किलोओहममधून धन अग्राला जोडा, ख चाही तसाच. शेवटी दोन धारित्रे. एकाचा धन पाय क च्या कलेक्टरला व ऋण पाय ख च्या बेसला. दुसऱ्याचा धन पाय ख च्या कलेक्टरला व ऋण पाय क च्या बेसला. म्हणजे धारित्रांची फुली होते. या फुलीतच सारे रहस्य आहे.

घट जोडा. सर्व ठीक असेल तर दिवे आलटून पालटून लागू लागतील.

ते का लागतात? ट्रान्झिस्टर म्हणजे तोटी समजा. बेसमधून थोडा प्रवाह आत गेला तर कलेक्टरमधून त्याच्या सुमारे दोनशे पट, किंवा त्याहूनही अधिक, प्रवाह जाऊ शकतो. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये सुमारे ०.६५ ते ०.७ व्होल्ट मिळाल्याशिवाय मात्र ही तोटी उघडत नाही. क उघडा आहे असे धरा. त्याच्या बेसमध्ये ४७ किलोओहममधून येणारा प्रवाह (६ − ०.७) भागिले ४७,०००, म्हणजे सुमारे ०.११ मिलिॲम्पिअर. त्याच्या दोनशे पट २२ मिलिॲम्पिअर. पण दिव्याच्या मार्गात ६ व्होल्टपैकी सुमारे १.९ व्होल्ट एल.ई.डी. घेते आणि उरलेल्या चारांवर ४७० ओहममधून साडेआठ मिलिॲम्पिअरच येऊ शकतात. म्हणजे तोटी पूर्ण उघडी आहे, पण नळालाच तेवढे पाणी आहे. अशा वेळी क च्या कलेक्टरवर मापी जेमतेम ०.१ व्होल्ट दाखवतो आणि त्याचा दिवा लख्ख लागतो.

आता महत्त्वाचा भाग. क बंद होता तेव्हा त्याचा कलेक्टर साधारण साडेचार व्होल्टांवर होता (सहा का नाही, ते पुढे पाहू). त्याला जोडलेल्या धारित्राचे दुसरे टोक ख च्या बेसवर, म्हणजे ०.७ व्होल्टांवर होते. म्हणून धारित्राच्या दोन टोकांत सुमारे ३.८ व्होल्टांचा फरक साठला होता. क एकाएकी उघडला आणि त्याचा कलेक्टर साडेचारवरून ०.१ वर कोसळला. धारित्रातला भार क्षणार्धात नाहीसा होत नाही, त्यामुळे दोन टोकांतला फरक तोच राहतो. कल्पना करा, की जिन्यावर दोन माणसे एक लांब काठी उभी धरून आहेत, एक वर, एक खाली. वरचा माणूस मजलाभर खाली उतरला तर काठी खालच्याला तळघरात ढकलते. तसाच ख चा बेस ०.१ वजा ३.८, म्हणजे उणे ३.७ व्होल्टांवर जातो!

येथे क्षणभर थांबा. आपल्याकडे केवळ सहा व्होल्टांचा घट आहे, त्याचे ऋण अग्र आपण शून्य मानले आहे, आणि मंडलातला एक बिंदू शून्याच्याही खाली गेला आहे. पाठ्यपुस्तकात धारित्राची व्याख्या पाठ असणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे खरे वाटत नाही. खरे वाटण्याची गरजही नाही. १० मायक्रोफॅरडची धारित्रे काढा आणि त्यांच्या जागी ४७० मायक्रोफॅरडची बसवा. झोका ४७ पटींनी मंदावेल आणि प्रत्येक दिवा बारा-चौदा सेकंद लागून राहील. आता मापीची काळी तार घटाच्या ऋण अग्राला आणि लाल तार ख च्या बेसला लावा. क चा दिवा लागताच आकड्यामागे वजाचे चिन्ह येईल : −३.६ किंवा −३.७. मग ते हळूहळू वर चढू लागेल. −३, −२, −१, शून्य, ०.५, ०.६... आणि तेथे पोहोचताच फटकन दिवे बदलतील. मंडलाच्या पोटात काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहण्याची ही जागा. माझ्या मते या मंडलाची सर्व किंमत या अर्ध्या मिनिटात वसूल होते.

बेस वर का चढतो? कारण ४७ किलोओहमचा रोध त्याला सहा व्होल्टांकडे ओढत असतो. ०.६५ च्या आसपास पोहोचला की ख उघडतो, त्याचा कलेक्टर कोसळतो, दुसरे धारित्र क च्या बेसला तळघरात ढकलते आणि क बंद होतो. मग क ची चढण सुरू. दोघे एकमेकांना आळीपाळीने ढकलतात, म्हणून हा झोका.

या रचनेचा इतिहास ट्रान्झिस्टरहून जुना आहे. पहिला ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी चालवून दाखवला. पण आन्री आब्राम आणि यूजेन ब्लॉक या दोन फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी असेच फुलीचे मंडल पहिल्या महायुद्धाच्या काळात काचेच्या निर्वात नळ्या वापरून तयार केले आणि १९१९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी त्याला ‘मल्टिव्हायब्रेटर’, बहुकंपक म्हणू या, असे नाव दिले. त्याची कंपने गोलाईची नसून फटाफट वरखाली होणारी असतात, आणि अशा कंपनात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा असंख्य वारंवारता मिसळलेल्या असतात. अनेक कंपने एकत्र, म्हणून बहुकंपक.

याचाही अनुभव घेता येतो. ०.०१ मायक्रोफॅरडची (त्यांवर १०३ असा आकडा असतो) धारित्रे बसवा. १० मायक्रोफॅरडच्या हजाराव्या हिश्शाइतकी धारिता, म्हणून वारंवारता हजारपट. सेकंदाला पावणेदोनच्या ऐवजी सुमारे अठराशे. दिव्यांची उघडझाप आता डोळ्यांना कळत नाही, दोन्ही सतत लागलेले दिसतात. पण ख चा कलेक्टर आणि ऋण अग्र यांच्यामध्ये भोंग्यातली पातळ पितळी चकती, म्हणजे पायझो, जोडा, की कर्कश शिटी ऐकू येईल. जुने रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर असेच छोटे मंडल खिशात बाळगीत. त्याची टोचणी रेडिओच्या एकेका टप्प्यावर लावायची. जेथून पुढे आवाज येतो तेथून पुढचा भाग ठीक, जेथे आवाज थांबतो तेथे बिघाड.

आता बिघाडाकडेच वळू. पहिल्या प्रयत्नात हे मंडल चालणार नाही, अशी शक्यता बरीच आहे. अशा वेळी बहुतेक जण सर्व भाग उपटून पुन्हा पहिल्यापासून जोडतात. तसे करू नका. न चालणारे मंडल गप्प नसते, ते काहीतरी सांगत असते. समजा, दोन्ही दिवे पूर्ण प्रकाशाने लागले आहेत आणि हलत नाहीत. विचार करा. दोन्ही लागले, अर्थात दोन्ही ट्रान्झिस्टर उघडे आहेत. म्हणजे घट ठीक, दिवे ठीक, रोध आपापल्या जागी, ट्रान्झिस्टरांचे पायही बरोबर. मग उरले काय? धारित्रे. त्यांपैकी एखाद्याचा पाय शेजारच्या ओळीत गेला असणार. एक धारित्र सुटले तरी ढकलाढकलीचे चक्र तुटते आणि दोन्ही ट्रान्झिस्टर ४७ किलोओहमच्या जिवावर निवांत उघडे राहतात. पाहा, मंडलाला हातही न लावता आपण दहा भागांतून दोनांवर आलो.

दोन्ही दिवे मिणमिणते आणि स्थिर असतील तर? प्रवाह आहे, पण फार थोडा. म्हणजे दिव्यांच्या मार्गात मोठा रोध आला आहे. तो तपकिरी-नारिंगीचा घोटाळा! एकच दिवा मुळीच लागत नसेल, तर त्या बाजूच्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर मापी लावा. उघड्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर ०.७ व्होल्टांपेक्षा फारसे अधिक कधीच दिसणार नाही. ते जवळजवळ सहा दिसले तर बेसमधून प्रवाहाला पुढे वाटच नाही, एमिटरचा पाय ऋण अग्राला पोहोचलेला नाही. बेस ०.७ आणि कलेक्टर ०.१ असूनही दिवा बंद असेल, तर ट्रान्झिस्टर आपले काम करतो आहे. दिवा उलटा बसला आहे किंवा त्याच्या रोधाचा पाय सुटला आहे. हे निदान वहीत लिहून ठेवावे : काय दिसले, काय मोजले, काय निघाले. डॉक्टर रोग्याची नाडी पाहण्याआधी त्याला कापत नाहीत. आपणही मोजण्याआधी तार उपटू नये.

मंडल चालू लागले, की माझ्या आवडीचा भाग सुरू होतो : सूत्राची परीक्षा. पुस्तकांतून सांगितलेले असते, की प्रत्येक दिवा लागून राहण्याचा काळ ०.६९ गुणिले रोध गुणिले धारिता. आपल्यासाठी रोध ४७,००० ओहम, धारिता एका फॅरडचे एक लाखांश. गुणाकार ०.४७ सेकंद. त्याचे ०.६९ पट सुमारे ०.३२ सेकंद. दोन्ही बाजू मिळून ०.६५ सेकंद, म्हणजे मिनिटाला एक दिवा सुमारे ९२ वेळा लागायला हवा. आता १० मायक्रोफॅरडची धारित्रे परत बसवून घड्याळ लावून मोजा. डोळ्यांनी मोजणे जमत नसेल तर मोबाइलवर मिनिटभर चित्रण करून ते सावकाश चालवून मोजा. उत्तर ९२ येण्याची शक्यता कमी आहे. बहुधा ते शंभरच्या पुढे, १०५-११० च्या आसपास येईल.

‘धारित्रे तंतोतंत नसतात’ असे उत्तर कोणीही देईल. ते खोटे नाही. अशा धारित्रांची धारिता छापलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्के इकडेतिकडे असू शकते. पण तेवढेच कारण असते तर काही जणांचे उत्तर ९२ हून कमी आणि काहींचे जास्त आले असते. वर्गातल्या दहा मुलांनी मोजून पाहिले तर आकडे एकाच बाजूला झुकलेले दिसतील. झुकाव दिसला की कारण शोधलेच पाहिजे.

०.६९ हा आकडा आला कोठून ते पाहू. सूत्र करणाऱ्याने मानले आहे, की कलेक्टर पूर्ण सहा व्होल्टांवरून शून्यावर कोसळतो, म्हणून बेस उणे सहापर्यंत जातो. तेथून तो अधिक सहाकडे निघतो. एकूण रस्ता बारा व्होल्टांचा. शून्यावर पोहोचताच ट्रान्झिस्टर उघडतो असे धरले, तर बेसला बरोबर निम्मा रस्ता काटायचा असतो, आणि रोधामधून भारित होणाऱ्या कोणत्याही धारित्राला निम्मा रस्ता काटायला रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराच्या ०.६९ पट वेळ लागतो. पण आपल्या मंडलात कलेक्टरच्या वाटेवर एल.ई.डी. बसली आहे. ट्रान्झिस्टर बंद झाल्यावर धारित्राला भारित करणारा प्रवाह तिच्यामधूनच येतो, आणि तो अगदी क्षीण झाला तरी ती सुमारे दीड व्होल्ट अडवून धरते. म्हणून कलेक्टर सहावर न जाता साडेचारवरच थांबतो. म्हणून बेस उणे ३.७ पर्यंतच ढकलला जातो. तेथून सहापर्यंतचा रस्ता ९.७ व्होल्टांचा, आणि त्यातले ०.६५ पर्यंतचे ४.३५ व्होल्टच काटायचे. हे निम्म्याहून कमी आहे. साहजिकच वेळही कमी लागतो आणि दिवे सूत्राहून घाईने लुकलुकतात.

हे स्पष्टीकरण पटले का? पटले म्हणून सोडू नका, त्याला कामाला लावा. ते खरे असेल तर, एल.ई.डी.ने अडवलेला दीड व्होल्ट कलेक्टरला परत मिळवून दिल्यास झोका मंदावला पाहिजे. २.२ किलोओहमचे रोध (तिन्ही पट्टे लाल) घ्या आणि प्रत्येक एल.ई.डी.च्या दोन पायांवर एकेक आडवा जोडा. आता कलेक्टर दिव्याला वळसा घालून पूर्ण सहापर्यंत चढू शकतो. धारित्रे तीच, ४७ किलोओहम तेच, दिव्यांचा उजेडही जवळजवळ तेवढाच. पुन्हा मिनिटभर मोजा. आधीचा आकडा १०७ असेल तर आताचा ८६ च्या जवळ यायला हवा. धारित्रे किती का चुकीची असेनात, ती दोन्ही वेळा तीच होती, म्हणून आकडा किती पटींनी बदलला ते विश्वासार्ह आहे.

जाता जाता घटाविषयी. पुष्कळ ठिकाणी हेच मंडल ९ व्होल्टांच्या चौकोनी घटावर दिलेले आढळते. चालते, पण वरच्याच हिशेबाने पाहा : तेथे बेस उणे पावणेसातच्या आसपास जाईल, आणि बीसी ५४७ च्या माहितीपत्रकात बेस व एमिटर यांच्यामध्ये उलट्या दिशेने ६ व्होल्टांची मर्यादा दिलेली आहे. ट्रान्झिस्टर लगेच जळणार नाही, हळूहळू मात्र दुबळा होऊ शकतो. म्हणून मी चार पेन्सिल सेल सांगितले.

आणखी एक रूप पाहण्यासारखे आहे. दोन्ही धारित्रे काढून त्यांच्या जागी १० किलोओहमचे रोध बसवा आणि बेसला धन अग्राशी जोडणारे ४७ किलोओहमचे रोध काढून टाका. झोका थांबेल. एक दिवा लख्ख लागून राहील (दुसरा अगदी मंद दिसेल, कारण त्याच्यामधून समोरच्या बेसला लागणारा प्रवाह जातो). आता घटाच्या ऋण अग्राला जोडलेल्या तारेचे मोकळे टोक, ज्याचा दिवा लागला आहे त्या ट्रान्झिस्टरच्या बेसला क्षणभर टेकवा. दिवे बदलतील, आणि तार काढून घेतली तरी बदललेलेच राहतील. आपण शेवटी कोणत्या बाजूला स्पर्श केला ते हे मंडल लक्षात ठेवते. डब्ल्यू. एच. एक्लिस आणि एफ. डब्ल्यू. जॉर्डन या ब्रिटिश संशोधकांनी १९१८-१९ च्या सुमारास निर्वात नळ्यांवर हेच केले होते. संगणकाच्या प्रोसेसरमधील वेगवान स्मृतीचा एक कोष आजही अशाच एकमेकांना धरून ठेवणाऱ्या दोन जोड्यांचा असतो. त्यात सहसा सहा ट्रान्झिस्टर असतात आणि तसे कोट्यवधी कोष नखाएवढ्या चकतीवर मावतात. तुमच्या टेबलावर आहे तो त्यांतला एक, चांगला बोटभर लांबीचा.

आता तुमच्यासाठी एक काम. धारित्रे व ४७ किलोओहमचे रोध परत बसवा, एल.ई.डी.वरचे आडवे रोध काढून टाका, आणि फक्त क च्या बाजूची लाल एल.ई.डी. काढून तेथे निळी लावा. निळी एल.ई.डी. लालपेक्षा जवळपास एक व्होल्ट अधिक अडवते. झोका आता दोन्ही बाजूंना सारखा राहणार नाही. निळा दिवा जास्त वेळ लागून राहील की लाल? आधी वहीत उत्तर आणि त्याचे कारण लिहा, तारीख घाला, आणि मगच घट जोडा.